सुटत नाही आणि सुटणारच नाही

गाठींचं गणित शिकवायला लागणारं साहित्य आमच्या विभागात आयतंच आहे: प्रोजेक्टरसाठी आणलेला एक्स्टेन्शन बोर्ड. त्याच्या वायरीला एक साधी गाठ मारायची आणि पिन त्याच बोर्डाच्या सॉकेटात खुपसायची. वायरीला आता मोकळं टोकच उरत नाही. गणितातली गाठ अशीच असते, दोन्ही टोकं जोडलेली. टोक मोकळं असेल तर कितीही किचकट गाठ ते टोक मागे ओवत ओवत सोडवता येते, त्यात गणिती प्रश्न काही नाही. टोकं जोडली की प्रश्न उभा राहतो: पिन न उपसता, वायर न कापता, हिचं साधं वेटोळं करता येईल का?

बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाची मुलं यावर तुटून पडतात. वायर ओढतात, पिरगळतात, अख्खा बोर्ड फासातून आरपार नेतात. शेवटी कुणीतरी म्हणतं, "मॅडम, नाही सुटत." मी एवढंच विचारते, की सुटत नाही का सुटणारच नाही? बहुतेकांना या दोन्हींत फरक वाटत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. शाळेपासून त्यांनी सोडवलेल्या प्रत्येक गणिताला उत्तर होतं. 'सिद्ध करा' असं छापलेलं असलं की ते विधान खरं आहे याची हमी पेपर काढणाऱ्याने आधीच घेतलेली असायची. गणित आलं नाही तर चूक आपली, गणिताची नव्हे, हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. संशोधनात ही हमी कुणी देत नाही. न जमण्याचं कारण आपण कच्चे आहोत हे असू शकतं, किंवा ती गोष्ट मुळातच अशक्य आहे हेही असू शकतं. यांतलं कुठलं, ते ठरवायची जबाबदारीही आपल्याच अंगावर पडते. पदवीच्या मुलांबरोबर या विषयात काम करायला मला आवडतं ते मुख्यतः याच कारणासाठी. हा फरक इतर विषयांत कळायला पीएच.डी. उजाडते, इथे तो पहिल्या आठवड्यात हाताला लागतो.

प्रिन्स्टनचे राल्फ फॉक्स १९५६ साली अमेरिकेतल्या हॅवरफर्ड कॉलेजात पदवीच्या विद्यार्थ्यांना गाठी समजावत होते. भारी यंत्रणा त्यांच्यापुढे मांडण्यात अर्थ नव्हता, म्हणून त्यांनी रंगांची युक्ती काढली. गाठ कागदावर काढायची. जिथे एक दोरा दुसऱ्याखालून जातो तिथे रेघ तुटलेली दाखवायची. अशा तुटलेल्या ठिकाणांमधल्या प्रत्येक तुकड्याला तीनपैकी एक रंग द्यायचा. अट इतकीच, की प्रत्येक क्रॉसिंगपाशी भेटणारे तीन तुकडे एक तर सगळे एकाच रंगाचे हवेत किंवा तिन्ही वेगळ्या रंगांचे. शिवाय अख्खी गाठ एकाच रंगात उरकायची नाही. ट्रेफॉइल, म्हणजे आपण एक्स्टेन्शनच्या वायरीला मारली ती सर्वांत साधी गाठ, या अटीत चपखल बसते. तिचे तुकडे तीन आणि क्रॉसिंगही तीन, लाल, निळा, हिरवा, झालं. साध्या वेटोळ्याला मात्र एकच तुकडा, त्याला दुसरा रंग आणणार कुठून?

खरं काम यापुढे आहे. दोरा कसाही हलवला तरी कागदावरच्या आकृतीत होणारे बदल तीनच प्रकारचे असतात, हे राइडमाइस्टर यांनी १९२७ साली दाखवलं होतं. या तिन्ही बदलांत रंगवता येण्याचा गुण टिकतो हे स्केचपेन घेऊन तासाभरात पडताळता येतं. म्हणजे ट्रेफॉइल कितीही हलवा, ती तीन रंगांत रंगवता येणारच, आणि वेटोळं तसं रंगवता येत नाही. तेव्हा ट्रेफॉइल सुटणारच नाही. किती जणांनी किती वेळ वायर ओढून पाहिली याचा या वाक्याशी काही संबंध उरत नाही.

मग मी आठाच्या आकड्यासारखी दिसणारी गाठ देते. तिच्यात चार तुकडे, चार क्रॉसिंग, आणि प्रत्येक क्रॉसिंगपाशी चारांपैकी एक तुकडा गैरहजर. एका मुलीने तीन तुकडे लाल, निळे, हिरवे केले आणि चौथ्यापाशी अडली. एका क्रॉसिंगच्या मते तो लाल हवा, शेजारच्याच्या मते निळा. पेनं बदलून, सुरुवात बदलून तिने पुन्हा पुन्हा केलं. नंतर तिच्या लक्षात आलं की सुरुवात कुठूनही केली तरी हे भांडण होणारच, आणि तसं तिने दोन ओळींत लिहूनही दाखवलं. तोवर छान चाललं होतं. खाली तिने निष्कर्ष लिहिला: म्हणून ही गाठ सुटते.

तसं काही ठरत नाही. ठरलं ते एवढंच, की ही गाठ ट्रेफॉइल नाही. ती सुटते की नाही याबद्दल तीन रंगांच्या कसोटीने तोंडच उघडलेलं नाही. बहुतेक मुलांची पहिली ठेच इथेच लागते, आणि मला ती लागायला हवी असते. कसोटी पास झाली तर गाठ नक्की पक्की. नापास झाली तर काहीच कळलं नाही, दुसरी कसोटी शोधा. फॉक्स यांनी तीही ठेवली आहे: रंगांऐवजी शून्य ते चार हे अंक वापरायचे. वरून जाणाऱ्या तुकड्याच्या अंकाची दुप्पट आणि खालच्या दोन तुकड्यांची बेरीज, यांना पाचने भागल्यावर बाकी सारखी यायला हवी. आठाची गाठ या अंकांत बसते, आणि मग तीही सुटणारी नाही हे पक्कं होतं.

हा विषय सुरू झाला तो एका चुकीच्या कल्पनेतून. १८६७ साली लॉर्ड केल्व्हिन यांना वाटलं की अणू म्हणजे ईथरमधले गाठी पडलेले भोवरे असावेत. त्यांचे स्नेही पीटर टेट यांनी त्या हिशेबाने गाठींची जंत्री करायला घेतली. अणूंची कल्पना बारगळली, जंत्री राहिली. टेट यांच्यानंतर अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या चार्ल्स लिटल यांनी ती हाताने दहा क्रॉसिंगपर्यंत नेली. त्या जंत्रीत दोन गाठी वेगवेगळ्या म्हणून नोंदल्या गेल्या आणि पाऊणशे वर्षं तशाच राहिल्या. ज्यांनी ती यादी नंतर तपासली त्यांत जॉन कॉनवे यांच्यासारखा माणूस होता, त्यांच्याही नजरेतून ती जोडी निसटली. १९७४ साली केनेथ पर्को यांनी दाखवलं की दोन्ही गाठी एकच आहेत. पर्को न्यूयॉर्कमध्ये वकिली करत. गंमत अशी, की १९७६ साली आलेल्या डेल रॉल्फसन यांच्या प्रसिद्ध पुस्तकातल्या तक्त्यातही ती जोडी वेगवेगळीच छापली गेली. दहा क्रॉसिंगच्या गाठी १६६ नसून १६५ आहेत हे अंगवळणी पडायला वेळ लागला.

मुलांना ही गोष्ट वकिलाच्या पराक्रमासाठी आवडते. मला ती आवडते ती लिटल यांच्यासाठी. त्यांनी काम आळसाने केलं नव्हतं. आकृतीतून काढलेली एक संख्या त्याच गाठीच्या दुसऱ्या आकृतीत बदलत नाही असं ते धरून चालले होते. या दोन आकृत्यांत ती संख्या वेगळी येत होती, म्हणून गाठी वेगळ्या. कसोटीच खोटी होती, आणि ती तपासावी असं फार काळ कुणाला वाटलं नाही.

हे जुन्या काळातच घडायचं असंही नाही. गाठ सोडवायला कमीत कमी किती ठिकाणी दोरा दुसऱ्या दोऱ्यातून आरपार न्यावा लागतो, म्हणजे खालचा वर करावा लागतो, या संख्येवर भरपूर काम झालंय. दोन गाठी एकाच दोऱ्यावर एकापुढे एक मारल्या तर दोघींच्या संख्यांची बेरीज यावी, हे इतकं रास्त वाटतं की जवळजवळ सगळेच ते खरं धरून होते. २०२५ साली मार्क ब्रिटनहॅम आणि सुझन हर्मिलर यांनी एक जोडी पुढे ठेवली: सात क्रॉसिंगची एक गाठ आणि तिचंच आरशातलं रूप. एकेकीला तीन लागतात, म्हणून दोघींना सहा लागायला हवेत. त्यांनी पाचात सोडवून दाखवलं. दोघंही नेब्रास्का विद्यापीठातले, म्हणजे लिटल यांच्याच गावचे म्हणायचे. यात तत्त्वज्ञान काही नव्हतं. संगणकाला असंख्य आकृत्या चाळायला लावल्या, आणि एकीत वाट सापडली. आजवर सहाच्या खाली कुणी आलं नव्हतं यावरून सहाच्या खाली येताच येत नाही असं सगळ्यांनी मनात धरलं होतं, इतकंच.

जोन्स बहुपदीचं तर अजूनही असंच लोंबकळत आहे. गाठीच्या आकृतीवरून काढायची ही बहुपदी व्हॉन जोन्स यांनी १९८४ साली शोधली, १९९० साली त्यांना फील्ड्स पदक मिळालं. साध्या वेटोळ्याची जोन्स बहुपदी एक येते. दुसऱ्या एखाद्या गाठीचीही एक येते का? चोवीस क्रॉसिंगपर्यंतच्या गाठी संगणकाने तपासून झाल्या आहेत, एकही सापडलेली नाही. नाहीच, असं म्हणायला अजून कुणी धजत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणात चार वर्षांच्या पदवीला संशोधनाची जोड मिळाली, त्याचं मी स्वागत केलं होतं आणि आजही करते. पण महाविद्यालयांतून 'संशोधन' नावाने जे जमा होतं ते पाहिलं की वाईट वाटतं. तीन लेखांतले उतारे जोडून चाळीस पानं, साम्य किती टक्के निघालं याचं प्रमाणपत्र, आणि पैसे भरून छापणाऱ्या एखाद्या नियतकालिकात नाव. मुलांना दोष देऊन काय उपयोग, छापलेल्या पानाला गुण आहेत. ज्या पोराने सहा महिने एका गोष्टीचा पाठपुरावा करून 'ही वाट बंद आहे आणि का बंद आहे ते असं' असं लिहून आणलं, त्याच्या पदरात काय टाकायचं याचा रकाना मूल्यमापनाच्या तक्त्यात नसतो. अमेरिकेत विल्यम्स कॉलेजात १९८८ पासून उन्हाळ्यात पदवीच्या मुलांचे संशोधनगट भरतात. कॉलिन अ‍ॅडम्स तिथे मुलांना घेऊन गाठींवर काम करत आले आहेत आणि त्यातून मुलांच्या नावासह रीतसर शोधनिबंध निघाले आहेत. ताठ काठ्या टोकाला टोक जोडून एखादी गाठ बनवायला कमीत कमी किती काठ्या लागतात, अशा प्रश्नांवर. ट्रेफॉइलला सहा लागतात, आठाच्या गाठीला सात. प्रश्न पोरांना कळेल असा असतो, आणि तरी उत्तर कुठल्या पुस्तकाच्या मागे दिलेलं नसतं.

तसा प्रश्न आपल्याकडे शोधायला लांब जावं लागत नाही. श्रीराम अभ्यंकरांचं नाव पुण्याच्या गणितवर्तुळात सांगायला नको. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक असतानाच त्यांनी १९७६ साली पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान उभं केलं. शाळेतल्या बीजगणिताचा त्यांना कोण अभिमान. त्यांनी आणि गणितज्ञ मोह यांनी १९७५ साली एक प्रमेय सिद्ध केलं. बहुपदी सूत्रांनी प्रतलात नीट बसवलेली रेषा कितीही वेडीवाकडी दिसली, तरी बहुपदींनीच उलटसुलट करता येणारे बदल करून ती सरळ होते. मग तीन मितींत काय? संमिश्र संख्यांसाठी हा प्रश्न अजून सुटलेला नाही. पण वास्तव संख्यांत रेषेला गाठच बसू शकते. अनंत शास्त्री, ज्यांनी आयआयटी मुंबईत अनेकांना टोपोलॉजीची गोडी लावली, त्यांनी १९९२ साली दाखवलं की प्रत्येक गाठ तीन बहुपदींनी लिहिता येते. टोकं जोडायच्या ऐवजी इथे ती दोन्हीकडे अनंतात निघून जातात.

त्यांनी दिलेली ट्रेफॉइल मी फळ्यावर मांडते. वेळ त मानायची. क्ष म्हणजे त चा घन उणे ३त. य म्हणजे त चा चौथा घात उणे त च्या वर्गाची चौपट. उंची झ म्हणजे त चा पाचवा घात उणे १०त. प्रथम फक्त क्ष आणि य घ्यायचे, म्हणजे गाठीची जमिनीवर पडलेली सावली मिळते. ती स्वतःला कुठे छेदते हे वर्गसमीकरणं सोडवून निघतं. त उणे १.९३ असताना आणि ०.५२ असताना बिंदू एकाच जागी असतो. तसंच उणे १.७३ आणि १.७३ ला, आणि उणे ०.५२ आणि १.९३ ला. सावलीत छेद तीनच. आता या सहा वेळांच्या उंच्या ओळीने काढायच्या: उणे ७.६, १.७, ५.१, उणे ५.१, उणे १.७, ७.६. पहिल्या छेदाशी दोरा खालून जातो, कारण उणे ७.६ हे उणे ५.१ च्या खाली. पुढे वरून, मग खालून, वरून, खालून, वरून. ट्रेफॉइल. जिओजेब्रात हे चित्र फिरवून बघता येतं आणि मुलं बघतातच, पण मी आधी हाताने करायला लावते. कॅल्क्युलेटर चालेल. शेवटचं 'वरून' आलं की पोरांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

यावर एका मुलाने विचारलं की पाचवा घात कशाला, चारात भागणार नाही? त्याने पायथनमध्ये प्रोग्राम लिहिला. चार घातापर्यंतच्या बहुपदींचे सहगुणक हवे तसे बदलत तो रात्र रात्र चालायचा. एकही गाठ निघेना. काही आठवड्यांनी तो म्हणाला, "मॅडम, लाखो तपासल्या. होत नाही." मी तोंड उघडायच्या आधी त्याचं त्यालाच हसू आलं. होत नाही का होणारच नाही?

उत्तर त्याच्या बरोबरीच्या मुलीकडून आलं, प्रोग्रामशिवाय. तिन्ही बहुपदी चार घाताच्या आत असतील तर एकीची पट दुसरीतून वजा करत घात खाली आणता येतात: जास्तीत जास्त दोन, तीन आणि चार उरतील. असं वजा केल्याने दोरा तिरपा होतो, गाठ बदलत नाही. आता दोन आणि तीन घाताच्या बहुपदींची सावली घ्यायची आणि चौथ्या घाताच्या बहुपदीला उंची मानायचं. दोन घाताच्या बहुपदीत वर्ग पूर्ण केला की दोन वेळा एकाच जागी येण्यासाठी त्या एकमेकींच्या उणे असाव्या लागतात. ते घन बहुपदीत घातलं की छेद निघतो जास्तीत जास्त एक. एका क्रॉसिंगच्या आकृतीत गाठ कसली, नुसता पीळ, तो उलगडतोच. चार ओळी. मुलगा थोडा वेळ फळ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, मी उंचीच्या दिशेने बघतच नव्हतो, प्रोग्रामला सगळं सारखंच दिसत होतं. ही सिद्धता नवी नाही, जाणकारांना माहीत आहे. त्या दोघांना मात्र ती कुणी सांगितलेली नव्हती. हा प्रकल्प अहवालात घातला तर 'नवीन निष्कर्ष' या मथळ्याखाली काय लिहायचं, हा प्रश्न मी त्यांच्यावरच सोपवला. त्यांनी तो मथळाच काढून टाकला.

हीच युक्ती एक पायरी वर चालते. पाच घाताला सावली तीन आणि चार घातांची, तिच्यात छेद जास्तीत जास्त तीन. आठाच्या गाठीला चार लागतात, तेव्हा ती पाच घातात मावणारच नाही. सहा घाताला मात्र सावली चार आणि पाच घातांची, आणि छेद सहापर्यंत जाऊ शकतात. पाच क्रॉसिंगची गाठ सहा घातात बसवता येते का, हे ॲलन डर्फी आणि डोनल ओशे यांनी विचारलेलं आहे. पुण्याच्या आयसरमध्ये रमा मिश्रा यांनी विद्यार्थ्यासोबत त्याचं काही अंशी उत्तर दिलं. आमची मोजणी इथे गप्प बसते, कारण सहा छेदांत पाच मावायला हरकत काहीच नाही. म्हणून आता दोघं दुसऱ्या टोकाने लागले आहेत. एकच सावली घेतली तर सहा छेदांवर वर-खाली ठरवायचे प्रकार होतात चौसष्ट. त्यांतल्या कुठल्या प्रकारांना सहा घाताची झ बहुपदी पुरी पडते आणि कुठे तिचे सहगुणक कमी पडतात, याचा तक्ता त्यांनी वहीत आखला आहे. पुढच्या प्रोग्रामने त्यातली उरलेलीच घरं तपासावीत असं त्यांचं ठरलं आहे.